उरलेला शब्द

ती चुकून तळघरात उतरली, म्हणून ही गोष्ट घडली.

दातांचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. जिन्याजवळच्या पाटीवर तसा बाणही होता. पण पाटीचा एक खिळा निघाला होता, ती लोंबकळत होती आणि बाण खाली तळघराकडे वळला होता. रोज एक-दोन पेशंट चुकायचे. खालचं दार ढकलायचे आणि टेबलावर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे बघून आल्या पावली माघारी फिरायचे.

ती फिरली नाही. दारातच उभी राहिली. बाहेर पाऊस होता. मिटलेल्या छत्रीतलं पाणी तिच्या चपलेवर गळत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

तो जेवत होता. मांडीवर डबा, हातात घास, नखांत प्लास्टर. सहा वर्षं तो या खोलीत लोकांच्या कवळ्या करत होता, पण त्या ज्यांच्या तोंडात जायच्या त्यातल्या एकाचाही चेहरा त्यानं पाहिला नव्हता. वरून डॉक्टरीणबाई मापं पाठवायच्या, खालून तो दात पाठवायचा.

"हे जोडता येतील का?" तिनं कागदाची पुडी पुढे केली.

पुडीत चार दात होते. खरे. एकाच्या मुळाला अजून रक्त वाळलेलं होतं.

त्यानं हातातला घास डब्यात ठेवला. "कोणाचे?"

"आप्पांचे. माझ्या वडलांचे. बाथरूमच्या फरशीवरून वेचलेत. ते पडले आणि मग… दात पडले." ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. "आणखी दोन हलत होते, ते हॉस्पिटलात काढले. वरच्या दाढा आधीच गेलेल्या. खालचे दात आहेत."

"जोडता नाही येत. कवळी करता येईल. पण दवाखाना वर आहे. तो बाण उलटा झालाय."

"मग तुम्ही सरळ का करत नाही?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, आणि त्यालाही पडला नव्हता. ती उत्तराची वाट न बघता वर गेली. पुडी टेबलावरच राहिली.

त्यानं त्याच संध्याकाळी नवा खिळा ठोकून पाटी सरळ केली. दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा उघडताना, त्याला वाटलं… उगाच केली.

*

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई जिना उतरून खाली आल्या आणि स्टुलावर बसून गुडघे चोळू लागल्या.

"तिसरा मजला, लिफ्ट नाही. माप घेतलंय मी. पुढचं सगळं तू जाऊन कर."

"मी? पेशंटच्या घरी?"

"चावणार नाही तुला. चावायला वरचे दातच नाहीत बिचाऱ्याला."

"पण मला बोलायला वगैरे…"

"अरे, तो माणूस तुझ्याहून कमी बोलतो," बाई म्हणाल्या. "जा."

मेणात लावलेले दात डब्यात घालून तो गेला. दार तिनंच उघडलं. ओळखलं, आणि आत ओरडून म्हणाली, "आप्पा, दातवाले आलेत!" तेव्हापासून तिच्या तोंडी त्याचं तेच नाव पडलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी कॉट, कॉटखाली भांडं, फ्रिजवर गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद. फिनेलचा आणि ओल्या चादरींचा मिळून एक वास होता. आजाऱ्याच्या घराला तो असतोच, कितीही पुसा. भिंतीवर खिळ्याला कानात घालायचा फोन टांगलेला होता. ती एका कुरिअर कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायची. वडील पडल्यापासून तेच काम घरून करत होती.

आप्पा उशांना टेकून बसले होते. धिप्पाड हाडाचा माणूस, पण हाडंच राहिली होती. चार महिन्यांपूर्वी झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, तोंड एका अंगाला ओघळलं होतं आणि वरचा ओठ आत बसला होता.

"सेट," आप्पा म्हणाले.

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"या म्हणतायत."

"सेट. सेट!"

"चपला दाराबाहेर काढा म्हणतायत."

तो गडबडून परत दाराशी गेला. आला तेव्हा ती हसू दाबत होती.

"घाबरू नका, दातवाले. एवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बाकी सगळं पुसलं जातं आणि कुठलातरी एक राहतो. कोणाची शिवी राहते, कोणाच्या बायकोचं नाव. आप्पा चौतीस वर्षं शाळेत खेळाचे सर होते. रोज मैदानात उभं राहून, ऑन युवर मार्क, गेट सेट… त्यातला हा राहिला." तिनं चादर सारखी केली. "पाणी, भूक, दुखतंय, पंखा, बातम्या लाव, सगळं ह्यातच."

"आणि तुम्हाला कळतं?"

"कळायला लागतं. दिवसभर फोनवर माणसं पाच-पाच मिनिटं बोलतात आणि सांगायचं एवढंच असतं, पार्सल आलं नाही. इथे एक शब्द असतो आणि मला त्यातून सगळं घर चालवायचं असतं."

तो डबा उघडता उघडता म्हणाला, "आम्हीही दिवसभर हाच शब्द म्हणतो. मेणात दात लावणं म्हणजे सेट करणं. प्लास्टर घट्ट झालं की सेट झालं. अख्खी कवळी म्हणजे पण सेट."

"मग तुमचं आप्पांशी जमेल."

"आणि…" त्याला एकदम सुचलं. "पुढचे दात बरोबर जागी लागलेत का, ते 'स' वरून कळतं. दात पुढे आले की 'स' बोबडा येतो, मागे गेले की फुसका. आम्ही पेशंटला साठ, सत्तर असं म्हणायला सांगतो."

तिचा चेहरा पडला. "आप्पा एवढंच म्हणू शकतील."

"पुरे आहे," तो म्हणाला. "त्यात 'स' आहे ना."

फक्त बघत राहिली त्याच्याकडे. इतकी, की त्यानं मान खाली घातली आणि मेणातले दात उगाच परत तपासले. नंतर त्याला कळलं, चार महिन्यांत त्या शब्दाला 'पुरे आहे' म्हणणारं कोणी भेटलंच नव्हतं तिला.

निघताना दाराशी उभा असताना आतून तिचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"दादा, पंधरा तारखेपर्यंत थांब ना… हो, माहितीये वजन उतरलंय… हो, डॉक्टर म्हणालेत नाकातून नळी घालावी लागेल म्हणून. पण स्वतः चावून खायला लागले तर नाही लागणार ना? दात येतायत दादा… नाही, वेडी नाहीये मी… मी सेट होईन तेव्हा होईन, माझं सोड."

जिना उतरताना त्याच्या हातातला डबा जड झाला होता. पंधरा तारीख आणि एक कवळी. एवढं सगळं आपल्या कवळीवर टांगलंय हे त्याला सहा वर्षांत कधी माहीत नव्हतं.

*

मेणातली कवळी बसली. 'स' स्वच्छ आला. आप्पांनी त्याच्या समोर वीस वेळा 'सेट' म्हटलं आणि तो कान देऊन ऐकत राहिला. मग त्यानं तळघरात जाऊन पक्की कवळी केली. पुडीतल्या दातांशी रंग जुळवला, एकेक दात रांगेत, सरळ, सुबक. डॉक्टरीणबाईंनी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम."

आप्पांनी ती थुंकली.

पहिल्यांदा वाटलं, सवय नाही. दुसऱ्यांदा डाव्या हातानं ओढून काढली आणि भिंतीवर भिरकावली. "सेट!" भिंत हादरेल असं.

"टोचत असेल," तो म्हणाला. त्यानं कडेला घासली. परवा परत आला, टाळूकडून घासली. मग मागून, मग परत कडेला. हिरडीला कुठे लाल ठिपका नाही, जखम नाही, तरी आपण घासतोय हे त्याला दिसत होतं. पण दात काढून फेकणारा माणूस म्हणजे दुखणारा माणूस, एवढंच त्याला कामातून माहीत होतं. दुखत नसलेली कवळी तो चार वेळा घासत राहिला.

त्या दिवसांत ती त्याला शब्द शिकवायची. तो आला की स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहायची.

"हा कोणता?"

"…पाणी?"

"चूक. पाणी आखूड असतं. हा लांब आहे, शेवटी वर जातो. खिडकी उघड."

"सेट," आप्पा कुरकुरले.

"आणि हा?"

"मला शिवी दिली असावी."

"शाबास! पास झालात!" ती खळखळून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. त्या घरात हसू फुटलं की तिला अपराध्यासारखं वाटायचं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हाताला सतत पाण्यात राहून चिरा पडल्या होत्या. त्याला वाटायचं, आपल्याकडे चिरा बुजवायच्या कितीतरी पावडरी आहेत, आणि ह्यावर एकही नाही.

एकदा ती दुकानात जायला उठली, तेव्हा आप्पांनी डावा तळवा गादीवर दाबला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "स्सेट."

ती परत कॉटवर टेकली. "हा एकच मला आवडत नाही. बस इथे. जाऊ नकोस. रोज म्हणतात. हा फक्त मला म्हणतात."

घरी त्याची आई वाढता वाढता म्हणायची, "जगाच्या तोंडात दात घालतोस आणि तुझ्या तोंडातून शब्द निघत नाही. कोण आहे ती?"

"पेशंट आहे, आई."

"पेशंटला कुणी विंचरून जातं का?"

तारीख नऊ झाली. आप्पा पातळ सूपही ओघळून टाकत होते. त्यांना उचलून बसवताना त्याच्या हाताला फासळ्या लागल्या. दहाला दादाचा फोन आला. वृद्धाश्रमात कॉट मिळाली होती. नळी घातलेले पेशंट ठेवतात, दिवसातून दोनदा भेटू देतात, चांगली जागा आहे. दादा वाईट माणूस नव्हता. लांबच्या शहरात नोकरी होती, दर महिन्याला येत होता. बहिणीचं वय जातंय एवढंच त्याला दिसत होतं. ती फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत होता. भांड्याचा आवाज मात्र येत नव्हता.

तो कॉटशेजारी बसून होता. पाच वाजले होते. खाली गल्लीत पोरांचा गलका सुरू झाला. आप्पांनी मान वळवली, डावा हात हळूहळू वर केला, खांद्याच्या वर, सरळ.

"सेट…"

आणि थांबले. ओठ पुढे आले, गाल आत गेले. छातीत श्वास भरला. काहीच झालं नाही. हात थरथरायला लागला आणि चादरीवर पडला. डोळ्यांतून पाणी आलं ते डाव्याच डोळ्यातून.

ती दारात आली होती. "हा एक मला कळत नाही," ती म्हणाली. "रोज पाचला. हात वर करतात, म्हणतात, आणि मग रडतात. कितीदा विचारलं."

"शर्यत सुरू करतायत," तो म्हणाला. "पोरं तयार आहेत. आता पुढचं… 'गो' म्हणायचंय, ते येत नाही."

"आप्पा कधी 'गो' म्हणायचेच नाहीत. शिट्टी मारायचे."

"शिट्टी कुठे असते? गळ्यात?"

"शिट्टी कशाला लागतेय! दातांतून. पुढच्या दोन दातांत फट होती ना त्यांच्या, पैसा जाईल एवढी. अख्ख्या शाळेत शिट्टी सर म्हणायचे त्यांना. मी लहान असताना ह्या गल्लीच्या टोकाहून…" ती बोलता बोलता थांबली.

तो उठून उभा राहिला होता.

"फट होती?"

"हो."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत! आणि मुद्दाम फट असलेली कवळी कोण करतं?"

तिनं अल्बम काढला. मैदानाच्या कडेला उभा एक उंच माणूस, हात वर, ओठ मागे खेचलेले, आणि मधोमध ती काळी फट. त्याच्या पायाशी वाकलेली आठ-दहा पोरं. सगळ्यांचे डोळे समोर, पण कान त्या तोंडाकडे.

"टोचत नव्हती त्यांना," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच वेगळा लागला. "मी उगाच घासत बसलो. कुठेच दुखत नव्हतं. त्यांचं तोंडच नव्हतं ते…"

*

दुसरा दिवस सुट्टीचा होता. तो तळघरात एकटा बसला. जुनी कवळी घासून घासून वाया गेली होती, त्यामुळे सगळं पहिल्यापासून केलं. अल्बममधला फोटो जबड्याला टेकवून समोर ठेवला होता. दोन पुढचे दात मेणात एकमेकांपासून दूर करायला त्याचे हात तयार होईनात. सहा वर्षं तो फटी बुजवत आला होता. किती रुंद, कुठल्या बाजूला झुकती, कडा किती झिजलेली, हे सगळं फोटोतून. पुडीतले खरे दात त्यानं दहा वेळा हातात घेतले.

बाराला सकाळी तो पोचला. तिनं आदल्या दिवसापासून दादाला फोन केला नव्हता. आप्पांची एक छोटी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्यानं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

कवळी बसवली. आप्पांनी जीभ फिरवली. पुढे. मध्ये. जीभ फटीपाशी थांबली… पुन्हा गेली… पुन्हा थांबली.

"सेट," ते म्हणाले, आणि तो 'स' शीळ घालत आला.

ती भिंतीला टेकली. चार महिने त्या एका शब्दात ती जो आवाज शोधत होती तो हा होता. लहानपणी हाक मारायचा तो, रागवायचा तो.

आप्पांनी कवळी काढली नाही. पाच वाजायचे होते, सकाळचे साडेनऊच झाले होते, पण त्यांनी डावा हात वर केला. खोलीत कोणी हललं नाही.

"सेट…"

शिट्टी कसली, फुंकरच होती. बारीक, फाटकी, एका अंगानं हवा निसटलेली. पण होती. आप्पांचा हात खाली आला, या वेळी पडला नाही, त्यांनी आणला. आणि त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही इतके महिने ओळीत वाकून उभी असलेली पोरं एकदाची सुटली.

ती हुंदक्याहुंदक्यानं रडत होती. "काय करू? काय देऊ त्यांना? टोस्ट देऊ?"

"द्या."

टोस्टचा आवाज झाला. कुर्रर्र. त्या घरात कोणी इतका मोठा आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. अर्धा टोस्ट खायला पाऊण तास लागला. ठसका लागला, पाठ चोळली, परत खाल्ला.

पंधरा तारखेला पिशवीतले कपडे परत कपाटात गेले.

*

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जाऊ लागला.

"तुम्ही आता कशाला येता?" ती विचारायची. "दात तर बसले."

"तपासावं लागतं. नवीन कवळी असते."

"रोज?"

"…हो."

"किती दिवस?"

"तसं काही… ठरलेलं नसतं."

"असं सगळ्याच पेशंटचं करता का हो, दातवाले?"

तो खाली बघून आप्पांची कवळी ब्रशनं घासत बसायचा, आणि कान गरम व्हायचे. जिन्यात ती दिवा धरायला यायची. तिथे एखादं मिनिट दोघं उभे राहायचे. ती काहीतरी बोलेल म्हणून तो, तो बोलेल म्हणून ती. मग वरून 'सेट' यायचं आणि ती पळायची.

एका संध्याकाळी तो निघायला उठला तर आप्पांनी तळवा गादीवर दाबला. खालच्या आवाजात, शीळ घालत म्हणाले, "स्सेट."

त्याला तो कळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पाठमोरी उभी राहून गोळ्या मोजत होती, आणि मोजणं थांबलं होतं.

तो परत बसला.

त्याच रात्री घरी जेवताना त्यानं ठरवलं, उद्या बोलायचं. दुसऱ्या दिवशी आप्पांना ताप होता, म्हणून परवावर ढकललं. परवा ती फार दमलेली होती. असे दिवस जातात. माणसाला वाटतं, बोलायला वेळ आहे.

आप्पा एक महिना आणि अकरा दिवस चावून जेवले. मग एका पहाटे दुसरा झटका आला.

सकाळी सात वाजता फोन आला. "आप्पा गेले," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, कुरिअरच्या फोनवर असतो तसा. "कवळी डब्यात आहे. तोंड बसलंय हो त्यांचं… असं नाही नेऊ देणार मी. दादा रात्री उशिरा भेटायला आला होता, पण तो हात लावायला घाबरतो. तुम्ही याल?"

तो गेला. गरम पाण्यात फडकं पिळून त्यानं जबड्याच्या दोन्ही बाजू शेकल्या. जबडा आवळायला लागला होता, हळूहळू सैल केला. कवळी ओली करून आत सरकवली, अंगठ्यानं टाळूशी दाबली. ओठ वर आला. चेहरा परत आप्पांचा झाला. सहा वर्षांत कितीतरी कवळ्या केल्या, स्वतः तोंडात बसवल्या त्या या एकाच माणसाच्या, आणि ही दोनदा.

तिनं वाकून पाहिलं. "फट दिसतेय," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

दादा हात जोडून उभा होता. "फार उपकार झाले. तुम्ही… कोण, नातेवाईक?"

तो बोलणार होता. त्यानं हातातल्या फडक्याची घडी घातली.

"दातवाला," तो म्हणाला.

*

तेरा-चौदा दिवसांनी दुपारी तळघराचं दार ढकललं गेलं. तो डबा उघडत होता.

ती होती. बाण आता वर दाखवत होता. चुकायचं काही कारण नव्हतं.

"घर आवरलं," ती म्हणाली. "किल्ली द्यायचीय आज घरमालकाला. दादा म्हणतो, त्याच्याकडे चल. वहिनीही म्हणते. तिथे त्याच्या ओळखीनं नोकरी आहे. चारची गाडी आहे." ती एका दमात बोलली. "अल्बम सापडला, पण त्यातला एक फोटो नाहीये. मैदानातला."

फोटो अजून तिथेच होता, त्याच जबड्याला टेकलेला. तो तिनं उचलला, तर मागचा जबडाही तिला दिसला. त्याच्या बुडावर पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'आप्पा'.

"हा त्यांचा?"

"काम झालं की फोडून टाकतो आम्ही. जागा नसते." तो थांबला. "हा नाही फोडला."

तिनं तो दोन्ही हातांत घेतला. बोटांना पांढरं लागलं. अंगठा हिरडीच्या कडेवरून फिरवत राहिली. "घरात इतकं शांत आहे ना… दिवसभर कोणी काही म्हणत नाही. मी काल एकटीच म्हणून बघितलं. नाही येत मला त्यांच्यासारखं."

तिनं जबडा जागेवर ठेवला. फोटो पर्समध्ये घातला. छत्री घेतली.

"येते मग," ती म्हणाली.

त्याला बरंच काही सांगायचं होतं. पाटी सरळ केल्याचा पस्तावा, जिन्यातला दिवा, आईला काय काय कळलंय ते. महिनाभर मनात लावून ठेवलेली वाक्यं होती. एकही वर येईना. ती दाराशी पोचली होती.

त्यानं शेजारच्या स्टुलावरची धूळ पुसली आणि तळवा त्यावर दाबला.

"सेट."

ती वळली. तिचा चेहरा इतका पांढरा झाला की त्याला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. ते आप्पांचं होतं, आपल्याला घ्यायचा काय हक्क.

"तो तसा नाही," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरले होते. "'स' ओढायचा असतो."

"…स्सेट," तो म्हणाला. शीळ नव्हती त्यात. त्याच्या दातांत फट नव्हती.

वर रस्त्यावर एक गाडी हॉर्न देऊन गेली. ती उभी राहिली. मग येऊन स्टुलावर बसली, अगदी कडेला, उठायला सोपं जाईल अशी. काही वेळानं जरा मागे सरकून नीट बसली. छत्री खाली ठेवली.

ती रडत होती आणि तो डब्याच्या झाकणात तिच्यासाठी अर्धं जेवण काढत होता.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. तिनं काढून पाहिला. दादा. ती नुसती बघत राहिली. मग तिनं तो टेबलावर, प्लास्टरच्या धुळीत, पालथा ठेवला.